देवीच्या ओटीत गेलेली पैठणी

कोल्हापूरच्या वाहनतळावर गाडी थांबली आणि गिरजाबाई सगळ्यांच्या आधी खाली उतरल्या. उतरल्यावर आठवलं, ओटीची साडी वरच राहिली.

"अवो, वरची लाल पिशवी द्या इकडे! लवकर, रांग वाढून राह्यली!"

खुशालभाऊंनी वरच्या फळीवर हात घातला, हाताला लागली ती लाल पिशवी ओढली आणि खिडकीतून खाली दिली. घडलं ते एवढंच. पण या एका पिशवीपायी पुढं एक डॉक्टर कामाला लागला, सतरा माणसांचा अख्खा दिवस गेला आणि एका पोरीचं लग्न पार टांगणीला लागलं.

खुशालभाऊ गुरनुले सावलीचे. पंचायत समितीत कारकुनी करून निवृत्त झालेले, गुडघ्यांनी अधू आणि स्वभावानं गरीब. पोरगी रिना गडचिरोलीला नर्स. गडचांदूरच्या सिमेंट कंपनीत असलेल्या प्रणितनं तिला पाहिलं, तिनं त्याला पाहिलं, दोघांचं जमलं. अडलं होतं ते प्रणितच्या आईपाशी. या वरोऱ्याच्या नीलाबाई. त्यांनी फोनवर स्पष्ट सांगितलं होतं, "पाहण्याच्या कार्यक्रमात सगळेच चांगले वागतेत भाऊ. तुमी साडेतीन शक्तिपीठाले जाऊन राह्यले ना? मी बी येतो. सहा दिवस एका गाडीत बसू, मंग समजन माणूस कसा आहे ते."

गिरजाबाईंनी तर पोरीचं जमावं म्हणूनच यात्रा काढली होती. लोक नवस बोलतात आणि काम झाल्यावर फेडतात. गिरजाबाईंचं गणित वेगळं होतं. "आधीच ओटी भरून टाकली तं देवीले बी जरा भीड पडते," त्या म्हणायच्या. त्यासाठी चंद्रपूरच्या गोल बाजारातून चार साड्या घेतल्या होत्या. "साडेतीन पीठं आहेत, मंग चार कायले?" असं खुशालभाऊंनी विचारलं, तर उत्तर मिळालं, "अर्ध्या पीठाले अर्धी साडी नेसवता का?"

भाड्यानं यात्रा नेणाऱ्या प्रफुलच्या सतरा सीटच्या गाडीत सगळे निघाले. चंद्रपूरच्या महाकालीला हात जोडून गाडी वरोऱ्याला आली, तेव्हा नीलाबाईंनी चढता चढता एक लाल पिशवी खुशालभाऊंच्या हाती दिली. दुकान तेच, पिशवी तीच. "जपून ठेवा भाऊ. पैठणी आहे. वणीच्या गडावर देवीसमोर काम पडन तिचं… पडलं तं." हे 'पडलं तं' गाडीतल्या सगळ्यांना कळलं. माणसं पसंत पडली तर वणीला रिनाच्या नावानं ती पैठणी गिरजाबाईंच्या ओटीत येणार, नाही तर वरोऱ्याला परत जाणार. माहूर झालं, तुळजापूर झालं, दोन साड्या दोन देवींना पोचल्या आणि नीलाबाई अजून तरी हसून बोलत होत्या.

आता कोल्हापूर. गुडघ्यांमुळं खुशालभाऊंनी मुखदर्शनाची छोटी रांग धरली, लांबूनच हात जोडले आणि गाडीत येऊन बसले. दोन तासांनी गिरजाबाई आल्या त्या डोळे पुसतच.

"का झालं वो?"

"काही नाई," गिरजाबाई हुंदका आवरत म्हणाल्या आणि साऱ्या गाडीकडं वळल्या. "पाहा बाई, अठ्ठावीस वर्षं झाली लग्नाले. या माणसानं मले कधी एक गजरा नाई आणला. अन देवीसाठी? मी घेतलेली साडी गुपचूप बदलून जांभळी, हिरव्या काठाची पैठणी आणून ठेवली! मले सांगितलंबी नाई! गाभाऱ्यासमोर पिशवीत हात घातला अन माझे तं डोळेच भरून आले."

बायकांनी "अगं बाई" केलं. प्रफुलनं टाळ्या वाजवल्या. खुशालभाऊंना काही कळेना, पण बायको कौतुक करते तेव्हा कारण विचारायचं नसतं, एवढं त्यांना संसारानं शिकवलं होतं. त्यांनी नम्रपणे मान खाली घातली. खुद्द नीलाबाई म्हणाल्या, "माणूस असा पायजे." हे ऐकून तर ते हरखलेच.

बायका चहाला गेल्यावर त्यांनी सहज वर फळीकडं पाहिलं. त्यांच्या चारातल्या तीन गेल्या, म्हणजे त्यांची एक आणि नीलाबाईंची एक. पिशव्या दोन. बरोबर. मग पैठणी कुठून आली? त्यांनी एका पिशवीत डोकावलं. आत फुलाफुलांची साधी साडी, आपलीच. दुसरीत डोकावलं. आत चौकटीची साधी साडी, तीही आपलीच.

नीलाबाईंची पैठणी आपण देवीला नेसवली! आता सांगावं, तर नीलाबाई म्हणणार, जे लोक पोरीच्या सासूची वस्तू सासूच्या डोळ्यांदेखत देऊन टाकतात, त्यांच्या घरची पोरगी कशाला? आणि गिरजाबाईंना सांगावं, तर… अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा त्या त्यांच्याकडं अशा पाहत होत्या. ते पाहणं जाईल, याचंच त्यांना जास्त वाईट वाटलं.

गाडी सुटायला अर्धा तास होता. देवीला आलेल्या साड्या भाविकांना प्रसाद म्हणून विकत मिळतात, हे त्यांनी रांगेत कुणाच्या तरी तोंडून ऐकलं होतं. गुडघे विसरून ते त्या खिडकीवर पोचले.

"बाई, सकाळी एक पैठणी आली असन. जांभळी. हिरव्या काठाची."

"मामा, आज आलेल्या उद्या सकाळी मिळत्यात," खिडकीतली बाई म्हणाली. "आठला या की."

"उद्या? आमची गाडी आता निघून राह्यली!"

"मग त्याला मी काय करू?"

खरंच, ती तरी काय करणार? करायचं ते खुशालभाऊंनाच होतं. ते गाडीपाशी आले, पायरीवर एक पाय ठेवला आणि पोट धरून खाली बसले.

"का झालं काका?" प्रफुल धावला.

"पोट," खुशालभाऊ म्हणाले. "मुरडा येऊन राह्यला. मले वाटते, आज प्रवास नाई जमत."

"पण काका, वणीची खोली बुक आहे! थोडा ओवा खा, चला."

ओवा आला. ओव्यानं बरं वाटतंय म्हटलं तर गाडी सुटणार, म्हणून वाटलं नाही. मग हिंग आला, सोडा आला, कुणाच्या तरी पिशवीतला काढा आला. इतकं सगळं पोटात गेल्यावर पोट खरंच गुरगुरायला लागलं. तेवढ्यात गिरजाबाईंनी रिनाला व्हिडिओ कॉल लावला. पोरगी नर्स असली की बापाला धड आजारीही पडता येत नाही.

"बाबा, कितीदा झालं?"

"झालं… दोनदा. तीनदा."

"दोनदा का तीनदा? उलटी? नाई? जीभ दाखवा."

भाऊंनी जीभ दाखवली.

"जीभ तं एकदम साफ आहे. आई, बाबाले काही झालेलं नाई. बसवा गाडीत."

सगळे खुशालभाऊंकडं बघू लागले. आता सगळं संपलं, असं त्यांना वाटलं. तेवढ्यात नीलाबाई पुढं झाल्या. "अगं, फोनवर का समजते? माणूस पांढरा पडला आहे. प्रफुल, आजचा मुक्काम इथीच कर. अन डॉक्टरले बोलाव."

खुशालभाऊंना गहिवरून आलं. जिची पैठणी आपण घालवली, तीच बाई आपली एवढी काळजी करते!

यात्री निवासात डॉक्टर आला. पोट दाबून, नाडी पाहून म्हणाला, "पोट मऊ आहे. ताप नाही. गोळी देतो, उद्या ठणठणीत होतील."

"गोळी?" नीलाबाई म्हणाल्या. "डॉक्टर, सलाईन लावा. आमच्याकडे सलाईनबिगर माणूस बरा होत नाई."

"बाई, सलाईनची गरज नाही."

"लावाच. मोठी लावा."

खुशालभाऊंना सुईची लहानपणापासून भीती. शिरेत सुई गेली तेव्हा त्यांनी जी बोंब मारली ती मात्र शंभर टक्के खरी होती. बाकीची मंडळी प्रफुलबरोबर जोतिबाला निघून गेली आणि एक देऊळ फुकटात पदरात पडलं म्हणून खूशही झाली. गिरजाबाई मात्र नवऱ्याचे पाय चेपत बसल्या. "देवीले पैठणी देणाऱ्या माणसाले असं व्हावं का?" त्या म्हणत, आणि भाऊ दुसऱ्या हातानं तोंड झाकून घेत. रात्री त्यांना मऊ भात मिळाला. बाकीचे तांबडा-पांढरा रस्सा जेवून आले होते आणि त्यावरच बोलत होते.

सकाळी साडेसातला "बरं वाटून राह्यलं, देवीले एक नमस्कार करून येतो" असं सांगून खुशालभाऊ निघाले. मनगटाला कापूस चिकटवलेला, काखेत चौकटीच्या साडीची लाल पिशवी. आठला खिडकी उघडायची होती. ते पोचले तेव्हा ती आधीच उघडली होती आणि पुढं उभी असलेली बाई जांभळी पैठणी घडी करून पिशवीत घालत होती. "बाई, थांबा! ते साडी—"

बाई वळल्या. नीलाबाई होत्या.

"पोट कसं आहे भाऊ?" त्यांनी विचारलं.

खुशालभाऊंच्या तोंडून एकदम सगळंच बाहेर पडलं. फळी, पिशवी, गिरजाबाईंचे डोळे, खोटा मुरडा. "माफ करा बाई. चूक माझी आहे. पोरीवर राग काढू नका. तिले यातलं काहीच माईत नाई."

"अन मले माईत नाई असं वाटलं का तुमाले?" नीलाबाई म्हणाल्या. "मी गिरजाबाईच्या मांगंच उभी होतो रांगेत. चार दुकानं फिरून घेतलेली माझी साडी मी वळखणार नाई?"

"मंग बोलल्या काऊन नाई?"

"कशी बोलू? ते बाई रडून राह्यली होती. म्हणे, माझ्या माणसानं आणली. तिथी मी म्हणू का, बाई, हे माझी आहे?" त्यांनी पदरानं नाक पुसलं. "म्हटलं, गपचूप इथून परत घेऊ. खिडकीवर आली तं तुमी इथी उभे. ऐकलं मी, उद्या आठले मिळन म्हून. आता गाडी थांबवाची कशी, हे मले सुचून नाई राह्यलं होतं. तेवढ्यात तुमी पोट धरून बसले."

खुशालभाऊंच्या डोक्यात हळूहळू उजेड पडला. "म्हणजे ते डॉक्टर…"

"गोळीनं बरे झाले असते तं गाडी सांजच्याले निघाली असती ना. म्हून सलाईन."

"मोठी बी तुमीच सांगितली."

"मोठी रागानं सांगितली," नीलाबाई म्हणाल्या. "पैठणी होती भाऊ."

दोघंही हसायला लागले. खिडकीतल्या बाईनं मान बाहेर काढून पाहिलं. मग नीलाबाईंनी हात पुढं केला. "आणा ते पिशवी. तुमची साडी देवीले पोचलीच नाई ना अजून? मी भरतो ओटी. का मागाचं ते मले माईत आहे." आणि मुलीच्या आईनं काढलेली ओटी मुलाच्या आईनं भरली. खुशालभाऊ मुखदर्शनाच्या रांगेतून पाहत होते आणि त्यांना देवी नीट दिसत नव्हती, डोळ्यांत पाणी होतं. बाहेर आल्यावर नीलाबाईंनी बजावलं, "हे गिरजाबाईले कधीच समजता कामा नये. बिचारीचा आनंद जाईन." खुशालभाऊंनी शपथ घेतली.

वणीला फुलाफुलांची साडी देवीला गेली आणि नीलाबाईंनी सगळ्यांसमोर गिरजाबाईंच्या ओटीत जांभळी पैठणी घातली. "रिनासाठी. आता ते आमची." बायकांनी एकच गलका केला, प्रफुलनं पेढे वाटले. "अगं बाई, देवीची होती तशीच सेम!" कुणीतरी म्हणालं. "आवडच सारखी आहे दोन्ही घरची," नीलाबाईंनी सफाईनं उत्तर दिलं. गिरजाबाईंनी पैठणीवरून हात फिरवला आणि काठापाशी त्यांचा हात थांबला.

गड उतरून गाडीत बसल्यावर त्या नवऱ्याच्या कानाशी आल्या. "अवो, काठाले कुंकू लागलं आहे."

"असन. देवीच्या दारात कुंकवाले का तोटा?"

"माझ्या बोटाचं आहे. कोल्हापूरले गर्दीत धक्का लागला तवा लागलं. पुसाले बी जागा नव्हती."

खुशालभाऊंनी डोळे मिटले आणि कुजबुजत सगळं सांगून टाकलं. गिरजाबाईंचे खांदे हलत होते. रडतात की काय म्हणून त्यांनी भीत भीत पाहिलं, तर बाई तोंडात पदर कोंबून हसत होत्या.

"म्हणजे सलाईन बी खोटी?"

"सलाईन खरी. पोट खोटं."

"माझ्यासाठी सुई टोचून घेतली?"

"हाव."

गिरजाबाईंनी त्यांच्या मनगटावर, जिथं कापूस होता तिथं, हलकेच बोट फिरवलं. अठ्ठावीस वर्षांत असं त्यांनीही कधी केलं नव्हतं. मग एकदम गंभीर होऊन म्हणाल्या, "पण मले समजलं, हे नीलाबाईले सांगू नका. माझ्यासाठी एवढं केलं बिचारीनं. तिले वाईट वाटन."

खुशालभाऊंनी दुसरी शपथ घेतली.

दुसऱ्या दिवशी दुपारी रस्त्याकडेच्या एका झाडाखाली प्रफुलनं जेवणं वाढली. शेवटचा दिवस म्हणून पुरणपोळी होती, वर तुपाची धार होती. तीन दिवस मऊ भात खाल्लेल्या खुशालभाऊंनी ताट पुढं केलं.

"भाऊले नको!" पलीकडून नीलाबाई ओरडल्या. इतक्या लोकांसमोर त्यांना तरी दुसरं काय म्हणता येणार होतं? "त्यायचं पोट नाजूक आहे."

खुशालभाऊंनी आशेनं बायकोकडं पाहिलं. आता तरी हिला खरं ठाऊक होतं. गिरजाबाईंनी एक पुरणपोळी उचलली, आपल्या ताटात घेतली आणि प्रफुलला म्हणाल्या, "हाव ना, नाजूकच आहे. त्याईले मऊ भात दे बापा. घरी गेल्यावर बी आठ दिवस मी तेच देणार आहो."