घनश्यामनं वाळवलेला स्फटिक

"दगडाबद्दल मले शिकवू नोको! आख्खी उमर मलाजखंडच्या खदानीत गेली माही!" घनश्यामनं लेकीला ठणकावलं.

संघमित्राचा हा 'दगड' म्हणजे तिनं फ्रिजात महिनाभर जपून वाढवलेला एका औषधाचा स्फटिक. बोराएवढा, काचेसारखा लख्ख! तो बघायला नागपूरहून विद्यापीठातल्या मॅडम बालाघाटला येणार होत्या आणि त्यावरच तिची पीएचडीची जागा ठरणार होती. "बाबा, फ्रिजले हात लावू नोका," असं बजावून पोरगी मॅडमना आणायला स्टेशनवर गेली.

लावू नको म्हटलं की घनश्यामचे हात शिवशिवायचेच! उघडला फ्रिज. स्फटिकाची बाटली बाहेर काढली, तर तिला बाहेरून घाम फुटलेला.

"अरे बाप रे! ओल धरली ना पोरीच्या दगडाले!"

मागं राजेगावच्या नाल्यात पडलेला मोबाईल त्यानं तांदळाच्या ड्रममध्ये पुरून जिवंत केला होता. स्फटिकाचीही रवानगी तिथंच झाली. जरा वेळानं काढला, तर खडूसारखा पांढराफटक!

धूळ बसली समजून त्यानं तो पातेल्यात पाणी घेऊन धुतला. बघता बघता विरघळला की! आता पाणी आटवलं तर दगड परत येईल, म्हणून पातेलं गॅसवर चढवलं.

"काय करून राह्यले हो?" बायको, सरिता, धावत आली. सगळं ऐकून तिनं कपाळावर हात मारला. "ड्रममधी दगडाचा चुरा उरला असन थो टाका वरून. विरजणावानी!"

टाकला. गॅस बंद केला. दोघं पातेल्याकडं बघत बसले, तेवढ्यात दार वाजलं.

पातेल्यात नुसत्या सुया सुया! आईनं कानात सगळं सांगितलं नि संघमित्राला रडूच कोसळलं. "मॅडम, त्या स्फटिकाच्या आत पाणी होतं. त्याच्यावरच थो उभा होता. तांदळानं ते ओढून घेतलं!"

मॅडम भिंग लावून सुया बघत होत्या. "औषध तेच असेल, पण रचना वेगळी दिसतेय! तपासावं लागेल. हा आकार मी तरी पाहिलेला नाही. कुणी केला?"

घनश्यामची छाती फुगली. "म्याच!"

"पाणी किती घेतलंत?"

"अंदाजानं."

"उकळलं किती वेळ?"

"झालं असं वाटेपर्यंत."

"पातेलं स्वच्छ होतं?"

घनश्यामनं सरिताकडं पाहिलं. सरितानं छताकडं.

जागा मिळाली हो पोरीला! गल्लीभर पेढे वाटले. विषयही मॅडमनीच ठरवून दिला: त्या दुपारी बाबांनी नेमकं केलं काय? शोधायला चार वर्षं तरी लागतील म्हणतात.