बटणांचा डबा आणि ओव्हरक्लॉकिंग

कॉम्प्युटरचा वेग वाढवायचा, हे मी ठरवलं. उगाच ह्यांच्या नावावर ढकलणार नाही. ह्यांनी जन्मात फक्त छताच्या पंख्याचा वेग वाढवलाय, तोही एकावरून दोनवर. आणि मग मान वर करून बघत बसतात, पंखा खाली येतोय का. पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात कारकून आहेत. तिथं सगळंच हळू येतं, पाणीसुद्धा.

झालं असं. आमची पोरगी इमारतींची चित्रं काढायला शिकली. कागदावर नाही, कॉम्प्युटरवर. शिकून झालं तसे नोकरीसाठी अर्ज केले, तर जिथून तिथून ‘कळवू’ असं उत्तर. कळवू म्हणणारे कधी कळवत नाहीत. मी घरी शिलाईकाम करते, ‘कापड उद्या आणून देते’ म्हणणाऱ्या बायका मला चांगल्या माहीत आहेत. शेवटी एका कंपनीनं तिला परीक्षेसाठी काम दिलं. एक घर काढायचं आणि त्या घरातून फिरल्यासारखी फिल्म बनवून रविवारी संध्याकाळपर्यंत पाठवायची. आवडली तर नोकरी, तीही घरी बसून.

पोरीनं घर उभं केलं. दार, जिना, खिडक्या, बाहेर झाडं. मी म्हटलं, स्वयंपाकघर लहान झालंय. ती म्हणाली, घरमालकानं तेवढंच सांगितलंय. (पुरुष असणार.) मग तिनं फिल्म बनवायचं बटण दाबलं. कॉम्प्युटरनं जरा विचार केला आणि सांगितलं, मंगळवारी होईल.

ही शनिवारची सकाळ. पोरगी खुर्चीत तशीच बसून राहिली. आमची पोरगी रडत नाही, नखं खाते. त्या दिवशी ती अंगठ्यापर्यंत आली तेव्हा मला राहवेना.

मी विचारलं, “ह्याला जरा पळवता येत नाही?”

येतं म्हणाली. त्याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. कॉम्प्युटरच्या पेटीत प्रोसेसर नावाचा तुकडा असतो, सगळं काम तोच करतो. तो बनवणारे लोक त्याला ठरावीक वेगानं पळवतात, पण त्याच्या अंगात थोडी जास्त ताकद असते. ती सेटिंगमध्ये जाऊन वाढवता येते. मात्र जपून. थोडा वेग वाढवायचा, मग त्याला जड काम देऊन बघायचं, किती तापतो ते बघायचं, ठीक वाटलं तर आणखी थोडं. घाई केली तर मशीन बंद पडतं, आणि फारच अति केलं तर तो तुकडा जळतो.

मी म्हटलं, अंगात ताकद असून जो मंगळवार सांगतो, त्याला ओरडणारं कोणी भेटलेलं नाही. करा सुरू.

ह्यांनी आधी घरातले सगळे स्विच बंद केले. पोरगी म्हणाली, बाबा, लाईट लागेल. मग एकेक करून चालू केले. तेवढ्यात पोरीनं पेटी उघडली, आणि आतल्या पंख्यातून एक बोळा ओढून काढला. लाल, पिवळा, हिरवा, त्यात कापूस आणि अस्तराचे धागे. चांगला मुठीएवढा. माझ्या टेबलाशेजारीच तिचं टेबल, त्यामुळे वर्षानुवर्षं माझी कातरण त्या पंख्यानं गिळली होती. तिनं बोळा माझ्यासमोर ठेवला. मी म्हटलं, शिलाईच्या घरात धागा नाही तर काय मोती निघणार?

पुढं कामाची वाटणी झाली. पोरगी सेटिंग बदलणार. हे पडद्यावरचा उष्णतेचा आकडा बघणार. मी गप्प बसणार. (हे काम मला दिलं तिथंच चूक झाली.)

पोरीनं एक पायरी वेग वाढवला, मशीनला जड काम दिलं आणि आम्ही तिघं बघत बसलो. हे चष्मा कपाळावरून नाकावर आणून आकडे वाचत होते, आजाऱ्याचा ताप मोजावा तसे. साठ. एकसष्ट. एकसष्टच. परत साठ. दर आकड्याला माझ्याकडे बघायचे, जसा काही तो मीच चढवलाय. बराच वेळ गेला. पोरगी म्हणाली, ठीक आहे, आता आणखी एक पायरी. परत तेच. साठ. बासष्ट. एकसष्ट. माझी दोन परकरांची शिलाई तेवढ्यात झाली असती.

मी विचारलं, वर जाऊन कुठं थांबायचं? ती म्हणाली, ते आधी ठरत नाही, मशीन सांगतं. मी विचारलं, मग एकदम वर जाऊन खाली का येत नाही? ती म्हणाली, आई, तसं नसतं. आता ‘तसं नसतं’ हे वाक्य ज्याला स्वतःला नीट माहीत नसतं तोच बोलतो, असा माझा आजवरचा अनुभव.

दुपार झाली. पोरगी अंघोळीला गेली. हे शेजाऱ्यांकडचा टेबलफॅन आणायला गेले, पेटीवर वारा घालायला. पडद्यावर सेटिंगचं पान उघडंच होतं.

आता बघा, मी चौथी शिकले. पण बघून शिकायला चौथीसुद्धा लागत नाही. पोरीचं कोणतं बोट कुठं पडतं ते मी सकाळपासून बघत होते. बाण वर दाबला की आकडा वाढतो. मी एकदा दाबला, आकडा वाढला. काही झालं नाही. धूर नाही, आवाज नाही. मी परत दाबला. शिलाई मशीनचं पायडल मी कधी भीत भीत मारत नाही, सुई अडते. एका लयीत मारायचं. तसाच एका लयीत बाण दाबत गेले आणि आकडा चांगला भरल्यासारखा दिसला तेव्हा पोरगी दाबते ती दोन बटणं दाबून पक्का करून टाकला.

पडदा काळा झाला. पेटीतला पंखा एकदम ओरडायला लागला, मग गप्प झाला, मग परत ओरडला. ओरडायचा, गप्प व्हायचा. ओरडायचा, गप्प व्हायचा. मी हळू आवाजात त्याला म्हटलं, बास कर. त्यानं ऐकलं नाही. आमच्या घरात असं धाडस कोणी करत नाही.

बाथरूममध्ये पाण्याचा आवाज चालू होता, तोवर मला वेळ होता. मी धाकट्या भाऊजींना फोन लावला. हा कॉम्प्युटर त्यांनीच जोडून दिला होता. त्यांना सांगितलं, घाबरू नका, पण पडदा काळा झालाय. त्यांनी विचारलं, वेग कितीवर नेला? मी आकडा सांगितला.

“वहिनी, तेवढा आकडा त्यात आहे?”

“असल्याशिवाय मी दाबला का?”

मग ते समजुतीच्या सुरात म्हणाले की बहुतेक जळलेलं काही नाही, मशीन घाबरून उठत नाहीये. वायर काढा. आत नाण्यासारखी चपटी गोल बॅटरी आहे, ती काढून थोडा वेळ बाजूला ठेवा आणि परत बसवा. सगळी सेटिंग विसरेल आणि पूर्वीसारखं चालू होईल.

सोपं काम. मी वायर काढली, शिलाई उसवायचं हत्यार घेतलं आणि त्या बॅटरीच्या कडेला घालून जरा उचकलं. ती टुणकन उडाली आणि माझ्या उघड्या बटणांच्या डब्यात पडली.

माझा बटणांचा डबा कसा आहे ते सांगते. घरात येणारा कुठलाही जुना कोट, झगा, गणवेश फाटला की त्याची बटणं काढून मी त्यात टाकते. लग्न झाल्यापासून. त्यात कोटांची चपटी, गोल, चांदीसारखी बटणं निम्म्याला निम्मी. वरची मूठभर बघितली, नाही. डबा हलवला. (हलवायला नको होता.) शेवटी चादर पसरून पालथा केला, आणि सगळीकडे बॅटऱ्याच बॅटऱ्या दिसायला लागल्या.

तेवढ्यात हे टेबलफॅन कवेत घेऊन दारात. मागं पोरगी, डोक्याला टॉवेल. दोघांनी काळ्या पडद्याकडे बघितलं, उघड्या पेटीकडे बघितलं, आणि चादरीवर गुडघे टेकून बसलेल्या माझ्याकडे बघितलं.

ह्यांनी विचारलं, बटण तुटलं का कॉम्प्युटरचं?

मी म्हटलं, बोलू नका, शोधा.

हे लगेच खाली बसले. नवरा म्हणून ही एक गोष्ट चांगली, आधी शोधतात, मग विचारतात काय शोधायचंय. पोरगी मात्र उभीच. मी एका दमात सगळं सांगितलं, बाण, आकडा, भाऊजी, हत्यार. मला वाटलं आता ओरडेल. ओरडली असती तर मीही ओरडले असते आणि हिशोब मिटला असता. ती ओरडली नाही. टॉवेल सोडून खुर्चीवर टाकला आणि एवढंच म्हणाली, “आई, मला ही नोकरी हवी होती गं.”

हवी होती. संपल्यासारखं. मला शिवताना सुई बोटातून आरपार गेली आहे, तेव्हा इतकं लागलं नव्हतं. मी आणखी जोरात बटणं उपसायला लागले, कारण डोळे पुसायचे तर हात थांबवावे लागले असते.

ती टेबलापाशी गेली, पेटीत डोकावली, वायर जोडली, बटण दाबलं. पंखा फिरला. ओरडला नाही. पडद्यावर अक्षरं आली.

मी म्हटलं, बॅटरीशिवाय?

तिनं सांगितलं की ती बॅटरी फक्त तारीख आणि सेटिंग लक्षात ठेवायला असते, मशीन तिच्याशिवाय चालतं. ह्यांनी तेवढ्यात एक चकचकीत वस्तू वर धरून जाहीर केलं, सापडली. ते त्यांच्याच लग्नातल्या कोटाचं बटण निघालं. वीस वर्षं शोधत होते म्हणाले, आणि खिशात घातलं.

पोरीनं वेग वाढवायचा नाद सोडला. घर होतं तसं उघडलं, बाहेरची झाडं काढून टाकली, कारण मशीन प्रत्येक पान वेगळं रंगवत बसतं. पुन्हा फिल्मचं बटण दाबलं. कॉम्प्युटर म्हणाला, उद्या दुपारी. ती पडद्याला नाक लावून बसली आणि मग हळूच म्हणाली, बाबा, हा एवढे दिवस तापून तापून दमत होता. वारा लागला तसा आपोआप पळतोय.

म्हणजे वेग माझ्या कापसानं धरून ठेवला होता. हे माझ्या तोंडावर कोणी म्हटलं नाही. ह्यांनी फक्त माझा खडू घेतला, तिच्या टेबलाभोवती जमिनीवर रेघ मारली आणि मला रेघेच्या बाहेर उभं केलं. पंचवीस वर्षांत ह्यांनी मला पहिल्यांदा काही सांगितलं, तेही न बोलता. मी ऐकलं. ऐकायची सवय नसल्यामुळे पाय दुखले.

फिल्म वेळेत गेली. आणि ह्या वेळी खरंच कळवलं. बुधवारी व्हिडिओवर मुलाखत.

बुधवारी सकाळी पोरगी म्हणाली, आई, सगळ्या उशांचे अभ्रे जुने झालेत, नवे शिवून टाक, आजच्या आज. भरपूर शिव. मला बरं वाटलं. म्हटलं, पोरीचं आता घरात लक्ष लागायला लागलं. तिनं कॉम्प्युटर आतल्या खोलीत नेऊन दार लावून घेतलं, मी जोमानं मशीनवर बसले. पण मुलाखत सुरू झाली तसा पाय काही पायडलवर राहिना. शिवत होते तोच अभ्रा हातात घेऊन मी तिच्या दाराला कान लावला.

कंपनीच्या मॅडम गोड बोलत होत्या. फिल्म आवडली म्हणाल्या. मग विचारलं, “घरून काम करताना तुमची सगळ्यात मोठी अडचण कोणती?”

मी मनातल्या मनात सांगत होते, मशीन जुनं आहे म्हण. लाईट जाते म्हण.

“आई,” पोरगी म्हणाली.

मॅडम जोरात हसल्या. म्हणाल्या, माझ्याकडे सासूबाई आहेत. मग काय उपाय करता?

“रिकामी असली की मदत करायला येते. त्यामुळे तिला काहीतरी काम लावून देते.”

पोरीला नोकरी लागली. मी हातातल्या अभ्र्याकडे बघितलं, मग मशीनशेजारच्या ढिगाकडे बघितलं. आमच्या घरात एवढ्या उशाच नाहीत.