रेडिओतलं डोहाळजेवण

अन्नपूर्णाबाईंना दिवस गेले, ही बातमी पिंपळगाव राजा या गावाला ग्रामपंचायतीच्या रेडिओवरून कळली. त्यांच्या नवऱ्यालाही तिथेच कळली. पण निवृत्ती शहाणा माणूस. दिवस नाटकातल्या सुनेला गेलेत, एवढं त्याला समजत होतं.

नागपूरच्या रेडिओवर दर आठवड्याला एक कौटुंबिक नाटक चाले, त्यात अन्नपूर्णाबाई थोरली सून. मायक्रोफोनपुढे डोळे मिटून, पोटावर हात ठेवून त्या बोलू लागल्या की खरंच आत कुणीतरी हललं, असं त्यांना वाटे. लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि हलणारं कुणी नव्हतं. सासूबाई, सुभद्राबाई, कधी टोचून बोलल्या नाहीत. पण शेजारी बारसं असलं की त्या दिवसभर गप्प राहत, आणि ते अन्नपूर्णाबाईंना फार लागे.

नाटकात सातवा महिना लागला, तेव्हा त्या नागपूरहून गावी आल्या. पाहतात तो अंगणात फुलांनी सजवलेला झोपाळा!

"आत्याबाई, हे काय हो?" त्यांनी सासूबाईंना विचारलं.

"डोहायजेवन."

"अवं, ते नाटक हाय!"

"मले समजत नाही काय? पन नाटकातल्या त्या पोरीले माहेर नाही. मंग कोन करनार? नागपूरवाले करतीन?"

अन्नपूर्णाबाई झोपाळ्यावर बसल्या. हिरवं लुगडं, फुलांची वाडी, बायकांची गाणी. झोपाळा हलू लागला आणि अन्नपूर्णाबाईंना आपण कोणती सून, हेच आठवेना. मग झाकलेल्या दोन वाट्या पुढे आल्या. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. त्यांनी झाकण उचललं.

"बर्फी! पोरगी व्हते पाय!" सुभद्राबाई लहान मुलीसारख्या टाळ्या पिटू लागल्या.

पुढे बाळंतपणाच्या भागाचे कागद नागपूरला हातात पडले. त्यात मुलगा होता.

"मुलगी करता नाही येणार?" त्यांनी दिग्दर्शक गुलाबरावांना विचारलं.

"वेड लागलं काय बाई? सारी इस्टेट वारसासाठी अडकलीय! कागदातलंच बोला, नाहीतर पुढच्या भागापासून दुसरी सून."

नाटक तेव्हा थेटच प्रसारित होई. लाल दिवा लागला. अन्नपूर्णाबाईंनी डोळे मिटले आणि समोर गावचं अंगण हलू लागलं.

"मुलगीच ना माझी? इकडे द्या तिला," त्या म्हणाल्या.

रेडिओतल्या सासू पुष्पाबाई कागद सोडून बोलणाऱ्यातल्या नव्हत्या. "आला ग बाई, वारस आला!" त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या.

"वारस नंतर येईल. आधी ही आलीय," अन्नपूर्णाबाई डोळे मिटूनच म्हणाल्या. काचेपलीकडे गुलाबराव डोकं धरून खाली बसले.

काम त्याच दिवशी गेलं. रिकाम्या हातांनी, भीतभीत त्या गावी आल्या, तर दारात गर्दी आणि सुभद्राबाई बर्फी वाटताहेत!

"आये, काऊन वाटून राह्यली? ते नाटक हाय," निवृत्ती कळवळून सांगत होता.

"माहीत हाय बे! साऱ्या गावाले माहीत हाय. कोनं वापस केली काय बर्फी?"

त्यांनी सुनेवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. अन्नपूर्णाबाईंना रडूच फुटलं. "आत्याबाई, माहं काम गेलं हो."

"जाऊ दे. काम काय, दुसरं भेटन." मग इकडेतिकडे पाहून सुभद्राबाईंनी आवाज अगदी खाली आणला. "पन तू इकडं आली, तर पोरीजवय कोन हाय?"

अन्नपूर्णाबाईंनी डोळे पुसले.

"निजवून आली, आत्याबाई."