दिवसाढवळ्या दिवा

आमची घरगाडी पाणीपुरवठा कार्यालयाची भिंत फोडून आत शिरली आणि आवक-जावक टेबलासमोर थांबली. पण असं काही झालंच नाही, असं घरात एकमताने ठरलेलं असल्यामुळे आपण सकाळपासून सुरुवात करू.

सकाळी गाडी सुरू होत नव्हती.

बाबांनी ती निवृत्तीनंतर घेतली होती. मागे दोन पलंग, शेगडी, इवलीशी मोरी. पुढे डिझेलचं इंजिन. लग्न झाल्यापासून बाबा आईला समुद्र दाखवणार होते. काल गाडी ऐटीत गुरगुरत दारात आली होती. आज किल्ली फिरवली, तर साधं 'टक'सुद्धा नाही.

"संध्याकाळपर्यंत सुरू झाली तर समुद्र," आई म्हणाली, "नाहीतर भंगारवाला. त्याला फोन करून ठेवलाय मी."

बाबांनी धावत जाऊन फिटरला आणलं. फिटरने बॅटरी तपासली आणि त्याचे डोळेच विस्फारले.

"काका, बॅटरी ठणठणीत आहे. पण करंट पुढे सरकतच नाहीये. फ्यूज चांगले, वायरी चांगल्या. मग जातो कुठे?"

"मला काय विचारता? मी घेतला नाही."

फिटर डॅशबोर्डखाली शिरला. आत काळोख. त्याने चाचपडत दाराजवळच्या बटणाकडे हात नेला.

"अहो, अहो!" बाबा दचकून ओरडले. "दिवसाढवळ्या दिवा?"

"काका, मला माझा हात दिसत नाहीये."

"हात तुमचाच आहे, बघायचाय कशाला? काल उतरताना मीच तो दिवा बंद केला. घर असो नाहीतर गाडी, शेवटी निघणाऱ्याने दिवा मालवायचा. आमच्याकडे शिस्त आहे."

फिटरने शिस्तीपुढे हात टेकले आणि अंधारातच स्टार्टरची वायर थेट जोडून टाकली. "आता करंट आला की किल्लीसुद्धा फिरवायला नको."

करंट आला नाही. मग गल्ली गोळा झाली. किल्ली चालू, दुसरा गिअर, ब्रेक सोडलेला, आणि सगळ्यांनी मिळून धक्का. गाडी जराशी सरकली, शेजाऱ्यांच्या कंबरा बऱ्याच सरकल्या. सगळे गाडी तशीच गिअरमध्ये सोडून फुटपाथवर बसून धापा टाकू लागले. तेवढ्यात भंगारवाला आला आणि आपलीच असल्यासारखा गाडी ठोकून बघू लागला. बाबांनी तोंड फिरवलं.

"निदान माझे पडदे तरी काढून घेते," म्हणत आई गाडीत चढली. पडदे ओढलेले, आत काही दिसेना. बाबांचं लक्ष नाही असं बघून तिने दाराजवळचं बटण दाबलं.

दिवा लागला. दिव्यामागोमाग स्टार्टर फिरला, स्टार्टरमागोमाग इंजिन धडधडलं आणि गाडी निघाली. भंगारवाल्याच्या हातात मागचा बंपर राहिला.

"अहो!" खिडकीतून आईचा आवाज आला. "ही चाललीय!"

"ब्रेक दाब!" बाबा मागून धावत ओरडले. "मधला!"

"मी स्वयंपाकघरात आहे!"

गल्ली संपली, तिथे भिंत होती. नंतर नव्हती.

धुरळा खाली बसला. टेबलामागचा कारकून हातात चहा घेऊन तसाच पुतळ्यासारखा बसला होता. समोर गाडीचं तोंड, दारात डोक्यावर पडदा घेतलेली आई. त्याने चहा खाली ठेवला.

"अर्ज आणलाय का?"

बाबा पांढरेफटक पडून आत आले. "लागलं का गं कुठे?"

"बरी पळते की हो," आई म्हणाली. "समुद्र किती लांब आहे?"

फिटरने दाराशी वाकून ते बटण निरखलं. मग अतिशय हळू आवाजात म्हणाला, "काका, हे दिव्याचं बटण नाही. सगळ्या गाडीचा मेन स्विच आहे. काल तुम्ही दिव्याबरोबर गाडीच मालवलीत."

बाबा मटकन एका विटेवर बसले. आयुष्यभर मालवलेले सगळे दिवे त्यांच्या डोळ्यांसमोरून गेले. मग त्यांनी कारकुनाकडे कागद मागितला आणि तिथेच अर्ज लिहिला.

"महोदय, आपल्या कार्यालयाची भिंत आज दुपारी आमच्या गाडीत आलेली आहे. ती आपण स्वखर्चाने उतरवून न्यावी, म्हणजे आम्हांस समुद्राकडे निघता येईल. उतरताना दाराजवळचा दिवा मात्र कृपया चालूच ठेवावा, ही नम्र विनंती."