मोठी जनावरं : निरंक

अर्ज कसा करावा, हे मला कुणी शिकवू नये! सत्तावीस वर्षं मी ऑफिसात आवक-जावकच्या टेबलावर बसतोय. माझ्या हातून गेलेला एकही अर्ज आजवर परत आलेला नाही. नामंजूर झालेत, नाही असं नाही; पण नामंजूर करणं वरच्यांच्या हातात असतं. त्रुटीसाठी परत येणं ही मात्र लिहिणाऱ्याची नामुष्की! माझ्या घराण्यात ती अजून कुणावर आलेली नाही.

त्यामुळे आमच्या लेकीने प्राण्यांचं डॉक्टर व्हायचं ठरवलं, तेव्हा मी म्हटलं, "अभ्यास तू कर, अर्ज माझ्यावर सोड."

तिने सोडला नाही. मागच्या वर्षी तिने एकटीनेच अर्ज भरला आणि प्रवेश थोडक्यात हुकला. 'प्रत्यक्ष कामाचा अनुभव अपुरा' असं कारण आलं. पोरगी दोन दिवस कुणाशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी उठली आणि थेट कोपऱ्यावरच्या प्राण्यांच्या दवाखान्यात जाऊन डॉक्टरबाईंना म्हणाली, "पिंजरे धुवायला कुणी हवंय का?" तेव्हापासून वर्षभर, आठवड्यातून दोन दिवस, ती पिंजरे धूत होती. अंगाला कुत्र्यांचा वास, हातावर मांजरांच्या सह्या! पण तक्रार नाही.

आणि आता पुन्हा अर्जाची वेळ आली होती. चौदा पानी अर्ज! सोमवार शेवटचा दिवस. सोबत डॉक्टरबाईंचं शिफारसपत्र, तेही बंद पाकिटात. मी शुक्रवारी सहज म्हणून तो अर्ज चाळला आणि नवव्या पानावर थबकलो. तिथे अनुभवाचा तक्ता होता. लहान प्राणी : दोनशे चौदा तास. पक्षी : अकरा तास (त्यातले नऊ एकाच पोपटाचे, तो चावरा होता). मोठी जनावरं : आणि पुढे कोरं!

"हे काय?" मी विचारलं.

"दवाखान्यात गायी-म्हशी येत नाहीत बाबा. तो रकाना ऐच्छिक आहे. खाली लिहिलंय बघा."

"रकाना ऐच्छिक नसतो! कोरा सोडायचाच तर किमान 'निरंक' तरी लिही."

"मग लिहिते निरंक," ती म्हणाली आणि तिने खरंच लिहिलं.

निरंक! म्हणजे सांगण्यासारखं काही नाही. हा शब्द मी दुसऱ्यांच्या अर्जांवर हजारदा लिहिलाय, अगदी चहाचा घोट घेता घेता. पण स्वतःच्या लेकीच्या नावापुढे तो बघवेना. जेवताना दोन घास कमीच गेले. मनात म्हटलं, एवढं वर्षभर राबून पोरीचा अर्ज एका रकान्यापायी अडकायचा असेल, तर बापाने सत्तावीस वर्षं काय केलं?

"तुम्ही यात काही करू नका," ही म्हणाली. ही म्हणजे माझी बायको. माझं तोंड बघूनच तिला कळतं.

"मी कुठे काय करतोय?"

"गच्चीवरची टाकी फुटली, तेव्हाही हेच म्हणाला होतात!"

मी कोरा कागद पुढे ओढला. मला पत्र लिहायचं होतं.

आमच्या रस्त्याच्या टोकाला एका गवळ्याचा गोठा आहे. चार गायी, पत्र्याचं छप्पर, माणूस भला. त्याच्याकडे जाऊन "आमच्या पोरीला जरा गायींत काम करू दे रे बाबा" एवढं म्हटलं असतं तर काम झालं असतं. आज मला ते दिसतं. पण तोंडी विनंतीला आमच्या खात्यात किंमत नाही! मी रीतसर पत्र लिहिलं. 'विषय : आपल्या गोठ्यातील जनावरांची पाहणी करण्याबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, येत्या रविवारी सकाळी ठीक आठ वाजता सदर पाहणी करण्याचे योजिले आहे. तरी आपण सर्व जनावरांसह उपस्थित राहावे.' खाली जावक क्रमांक, तारीख, सही. पाहणी कोण करणार, कशासाठी, एका तासाचा अनुभव, आपला नम्र शेजारी वगैरे सगळा तपशील दुसऱ्या पानावर, जोडपत्र 'अ' मध्ये. गवळी दूध घालायला गेला होता, म्हणून पत्र दाराच्या फटीतून आत सरकवलं.

दुसरं पान कुणी उलटत नाही, हे सत्तावीस वर्षांत माझ्या लक्षात यायला हवं होतं.

रविवारी सकाळी सहाला बेल वाजली. लेक तेव्हा दवाखान्यात निघून गेली होती; आठ वाजता तिला तिथूनच गोठ्यावर बोलावून घ्यायचा माझा बेत होता. नऊ वाजता ती डॉक्टरबाईंना घेऊन घरी चहाला येणार होती. नवव्या पानावर त्यांची सही व्हायची होती आणि शिफारसपत्राचं बोलायचं होतं. मी दार उघडलं तर समोर गवळी, घामाघूम! हातात माझंच पत्र.

"साहेब, तुम्ही ऑफिसातली माणसं! माझी लाज राखा!"

"अरे, झालं काय?"

"पाहणी आहे हो, आठ वाजता! कुठल्या खात्याची तेही कळेना. सही बघा ही! असली सही करणारा माणूस दयामाया दाखवायचा नाही!"

मी सही बघितली. एक रेघ आणि दोन टिंबं. चांगली सही आहे ती.

"मग भितोस कशाला?"

"परवाना चारचा आहे साहेब, आणि गेल्या महिन्यापासून गायी झाल्यात पाच! पाचवीला दोन तास तुमच्या मागच्या आवारात बांधू द्या. पाहणी उरकली की घेऊन जातो."

आता इथे सज्जन माणसाने काय करावं? खरं सांगावं! मी त्यासाठी तोंड उघडलंसुद्धा. पण त्याच्यामागे फाटकाशी ती गाय उभी होती. धिप्पाड, तपकिरी, कपाळावर पांढरा ठिपका. मोठं जनावर! स्वतःच्या पायांनी आमच्या दारात आलेलं! नऊ वाजता डॉक्टरबाईही दारातच असणार. मी तोंड मिटलं.

"बांध," मी म्हटलं. "माणसानेच माणसाच्या उपयोगी पडायचं असतं."

"हिला आम्ही मावशी म्हणतो," गवळी डोळे पुसत म्हणाला. "गुणाची आहे. फक्त तिच्या तोंडातलं काही ओढू नका."

हे वाक्य मी ऐकलं. नीट ऐकलं. नोंदवून मात्र घेतलं नाही.

आठ वाजेपर्यंत सगळं सुरळीत होतं. मी मावशीचे फोटो काढले. समोरून एक, डावीकडून एक, उजवीकडून एक, तीन प्रतींचा हिशेब धरून. सव्वाआठला वरच्या बाल्कनीतून हिची किंकाळी आली.

"अहो! माझी चादर!"

मागच्या आवारात दोरीवर कपडे वाळत होते. मावशीने त्यातली निळी चादर निवडली होती आणि एक कोपरा शांतपणे चघळत होती. खांबाला बांधलेला तिचा कासरा कधी सुटला, देव जाणे! मी धावलो आणि चादरीचं दुसरं टोक धरलं.

मावशीने माझ्याकडे बघितलं. मी ओढलं. तिने ओढलं नाही. ती नुसती माझ्या मागून चालायला लागली. मी मागे सरकलो, ती पुढे आली. मी जिन्यात शिरलो, ती जिन्यात शिरली.

"चादर सोडा!" ही वरून ओरडली.

"तिने सोडावी!" मी म्हटलं. तत्त्वाचा प्रश्न होता!

एक एक पायरी मी उलटा चढत होतो आणि मावशी एक एक पायरी सुलटी. सात पायऱ्यांनंतर जिना वळतो, तिथे थोडी सपाट जागा आहे. तिथे मावशीला वळायचं होतं. वळताना ती आडवी झाली आणि मी तिच्या पोटाच्या आणि भिंतीच्या मध्ये सापडलो. मग तिने एक मोठा श्वास सोडला आणि माझ्यावर टेकली. रागाने नव्हे, आपण सोफ्यावर टेकतो तशी.

मी ओरडलो. मला वाटतं, बराच वेळ ओरडलो. "पोलीस!" म्हणालो, "आई गं!" म्हणालो आणि एकदा तर, ही शपथेवर सांगते, "वरिष्ठांना कळवा!" असंही म्हणालो. मी जितका ओरडे, तितकी मावशी दचकून आणखी टेके. शेजारी दारं उघडून बघत आणि लावून घेत. असा पाऊण तास गेला.

नऊला खालून पावलं वाजली. लेक आणि तिच्यामागे डॉक्टरबाई. उंच, सडसडीत, कमी बोलणाऱ्या.

"बाबा?" लेक म्हणाली. मावशीच्या पाठीवरून तिला माझं फक्त टक्कल दिसत असणार.

"मोठं जनावर आहे!" मी गुदमरत म्हटलं. "तुझ्या रकान्यासाठी!"

मग तिने चपला काढल्या आणि कडेकडेने, अजिबात घाई न करता, वर आली.

"बाबा, ओरडू नका. ती घाबरतेय."

"मी घाबरलोय!"

"तेही कळतंय. पण ती साडेचारशे किलोची आहे. तिचं आधी." आवाज अगदी खालचा. घरात ती असं कधी बोलत नाही. "हात हलवू नका. तिच्या डोळ्यांत बघू नका. श्वास हळू घ्या."

"आणि तुला समजतं तरी का, अर्जाच्या दृष्टीने हे किती..."

तिने मावशीच्या तोंडातून सुटलेली चादर उचलली आणि माझ्या डोक्यावरून घातली! सगळीकडे अंधार. ओला, निळा अंधार!

"आता शांत होतील," ती डॉक्टरबाईंना म्हणाली.

"नाही झाले तर काहीतरी चघळायला दे," खालून डॉक्टरबाईंचा आवाज आला.

हिने वरून पाव दिला आणि लेकीने तो माझ्या तोंडात कोंबला. पुढचं मी फक्त ऐकलं. ही आणि शेजारीण गाद्या आणताहेत. पायऱ्यांवर गाद्या पसरल्या जाताहेत. लेक मावशीशी बोलतेय, "हं, शहाणी ती, एक पाय मागे, शाब्बास." माझ्या छातीवरचा भार हलला. मग एक खूर गादीवर, मग दुसरा. सात पायऱ्यांना वीस मिनिटं लागली. डॉक्टरबाई एकदाच बोलल्या, "शेपटी धरू नकोस", आणि लेक म्हणाली, "नाही धरली."

मी चादर काढली तेव्हा मावशी अंगणात उभी होती आणि लेक तिचा खांदा थोपटत होती. एवढ्यात गवळी धावत आला.

"साहेब! आठ वाजून गेले, कुणीच आलं नाही! मग सहज पान उलटलं, तर मागे तुमचं नाव!"

डॉक्टरबाईंनी त्याच्या हातातून पत्र घेतलं. पहिलं पान वाचलं. दुसरं पान वाचलं. अख्ख्या आयुष्यात माझं जोडपत्र शेवटपर्यंत वाचणारी ही पहिली व्यक्ती, आणि मी तिथे नसतो तर बरं असं मला वाटत होतं.

"म्हणजे हा अनुभव तुम्ही तयार करवून घेत होतात," त्या म्हणाल्या. "माझ्या सहीने."

लेकीचं तोंड पांढरंफटक पडलं. ती काही बोलली नाही. मागच्या वर्षीचे दोन दिवस जशी बोलली नव्हती, तशी. तेव्हा मला खरं भय वाटलं. गायीखाली वाटलं होतं ते काहीच नव्हे.

"तिला यातलं काही माहीत नव्हतं," मी म्हटलं. "तिने 'निरंक' लिहिलं होतं. तेच खरं होतं. मलाच ते बघवलं नाही. चूक माझी, सही माझी, गायसुद्धा माझ्यामुळे." सत्तावीस वर्षांत मी पहिल्यांदाच जावक क्रमांकाशिवाय विनंती करत होतो.

डॉक्टरबाईंनी पत्र गवळ्याला परत दिलं. "पाचव्या गायीचा परवाना काढून घ्या," त्याला म्हणाल्या. नवव्या पानावर, आहे त्या तासांवर त्यांनी सही केली. पण शिफारसपत्राचं काही बोलल्या नाहीत. चहाही घेतला नाही.

सोमवारी दुपारी दवाखान्यातून बंद पाकीट आलं. ते अर्जाला जोडायला मीच घेतलं. पाकीट उजेडासमोर धरून बघावं असं दहा वेळा वाटलं. ही समोर बसून होती, म्हणून धरलं नाही.

दीड महिन्याने निकाल लागला. लेकीला प्रवेश मिळाला! तिने आधी दवाखान्यात फोन केला, मग आईला मिठी मारली आणि शेवटी माझ्याकडे बघून म्हणाली, "बाबा, तुम्ही तरीही काही करू नका." मी मान हलवली.

प्रवेशाच्या दिवशी कॉलेजातल्या टेबलावर माझ्यासारखाच एक कारकून होता. तो फाईल चाळत होता आणि मध्येच माझ्याकडे बघून गालात हसत होता. मी विचारलं तर त्याने शिफारसपत्राची प्रत माझ्यासमोर सरकवली. एकच पान होतं. चांगली अर्जदार, कष्टाळू, हात हलका, असं बरंच काही. आणि शेवटचा परिच्छेद असा :

'मोठ्या जनावरांचा अनुभव अर्जात निरंक दाखवला आहे. तथापि एका प्रसंगी अर्जदाराला अशी दोन जनावरं एकाच वेळी, अरुंद जागेत, कोणतीही इजा न होऊ देता हाताळताना मी स्वतः पाहिले आहे. त्यांपैकी गाय शांत होती.'

मी त्या प्रतीच्या आणखी तीन प्रती काढल्या. एक लेकीला, एक हिला आणि एक ऑफिसात माझ्या खणात. आता रकाना रिकामा राहिला नाही, एवढंच नम्रपणे नमूद करतो.