जासूद गोंदजी आणि महाराजांच्या वाढल्या वर्षांची हकिकत

श्री. बुद्धी देणारा जो गजवदन आणि पायांस बळ देणारा जो अंजनीसुत, उभयतांस नमन करून जे घडले ते लिहिले जाते.

शके सोळाशे पंच्याऐंशी, सुभानु नाम संवत्सरे, चैत्रमासी, राज्यात सुबत्ता होती आणि गादीवर जे महाराज होते त्यांचे वय एकेचाळीस वर्षांचे जाहले होते. शरीराने स्थूल, मनाने मवाळ. त्यांचे आजे बेचाळिसाव्या वर्षी गेले, तीर्थरूप चव्वेचाळिसाव्या. उभयतांस आधी दम लागू लागला, मग पाय सुजले, मग एके दिवशी छातीत कळ आली आणि देह ठेविला. महाराजांस हे ठाऊक होते, परंतु मुखे बोलत नसत. त्यांस एकच कन्या, गोजराबाईसाहेब, वय वर्षे चार. रामनवमीस महाराज डोंगरावरील देवळी दर्शनास निघाले आणि कन्या म्हणाली, "आबा, कडेवर घ्या." महाराजांनी घेतले आणि वीस पायऱ्या चढले, मग डोळ्यांपुढे अंधारी आली आणि गुडघे मोडून खाली बसले. कन्या हातातून सुटली, कपाळास दगड लागून रक्त आले. सेवक धावले. कन्येने आपले कपाळ विसरून बापाच्या छातीवर हात ठेविला आणि पुसिले, "आबा, आत कोण पळतंय?"

सायंकाळी वैद्य त्र्यंबकभट यांनी नाडी पाहिली. महाराज म्हणाले, "वैद्यराज, किती दिवस?" ते म्हणाले, "सरकार, आयुष्य देवाचे हाती." महाराज म्हणाले, "ते जाणतो. तुमच्या हाती नाडी आहे, तिचे सांगा." मग भटजी मान खाली घालून बोलिले, "तीर्थरूपांच्या शेवटल्या सालची नाडी ऐसीच होती." महाराजांस त्या रात्री झोप आली नाही. मरणाचे भय फारसे वाटले नाही, परंतु कन्या चार वर्षांची आहे, तिला आपला चेहरा तरी आठवेल की नाही, हेच मनात घोळत राहिले.

तिसरे दिवशी सरहद्दीहून पत्र आले. ते गोंदजी जासूद घेऊन आला. वय सहासष्ट, अकरा कोस धावत आला होता, आणि मुजरा करून पत्र पुढे धरिले तेव्हा श्वास संथ चालत होता. महाराजांनी पत्र न उघडता बाजूस ठेविले आणि पुसिले, "गोंदजी, तुझा बाप किती जगला?" तो म्हणाला, "अडतीस वर्षे, महाराज. दम्यानं गेला." "मग तू कैसा राहिलास?" गोंदजी म्हणाला, "रोज पत्रं पोचवायची होती. मरायला सवड झाली नाही." महाराज हसले, हसता हसता खोकले, आणि म्हणाले, "आम्हांस धावणे शिकवशील?" गोंदजी घाबरला, मग विचार करून म्हणाला, "उद्या नुसतं चालू, महाराज. बोलत बोलत चालता येईल तेवढंच. बोलणं तुटलं की थांबायचं."

दुसरे दिवशी पहाटे महाराज निघाले तों मागे छत्र, अब्दागिरी, पानदान आणि पालखी, मिळून चाळीस माणूस निघाले. गोंदजी म्हणाला, "एवढी माणसं कशाला?" महाराज म्हणाले, "रिवाज आहे." तो म्हणाला, "रिवाजाला दम लागंल, महाराज." मग महाराजांनी सर्वांस माघारे पाठविले आणि दोघेच वाटेवरल्या चिंचेपर्यंत चालत गेले. पुढे चिंचेपलीकडील विहिरीपर्यंत जाऊ लागले, आणि दसऱ्यास विहिरीपर्यंत धावत जाऊन धावत आले. दिवाण शिवरामपंत यांनी अर्ज केला की, "सरकारांनी धावू नये. राजा धावतो म्हणजे पळतो, ऐसा अर्थ शत्रू लावील." महाराज म्हणाले, "पंत, शत्रूस कळवा की आम्ही रोज पळतो आणि रोज परत येतो."

दिवाळीत मात्र फराळ आणि मेजवान्या यांत नेम मोडला. आठ दिवस महाराज उठले नाहीत. गोंदजी रोज पहाटे देवडीवर येई, पहारेकऱ्यास म्हणे, "उठवू नका, मी बघून जातो," आणि एकटा धावून घरी जाई. नववे दिवशी महाराज लाजून बाहेर आले आणि पुसिले, "रागावलास?" तो म्हणाला, "राग कशाचा? पाय आठ दिवसांत रुसतात, दोन दिवसांत बोलायला लागतात." त्याउपर नेम फारसा मोडला नाही. गोजराबाईसाहेबही परकर खोचून बरोबर धावू लागल्या, आणि पुढे जाऊन वळून ओरडत, "आबा, या ना!" सूज उतरली, झोप येऊ लागली, आणि वैद्यबुवा नाडी पाहून स्वतःच आपल्या बोटांकडे पाहत राहिले.

मग चव्वेचाळिसावे वर्ष आले, ते जपून गेले. एके पहाटे महाराज धावता धावता माळावर थांबले आणि रडू लागले. गोंदजी म्हणाला, "काय झालं, महाराज? कळ आली?" महाराज म्हणाले, "नाही रे. दिवस मोजून ठेविले होते. आजपासून आम्ही तीर्थरूपांहून वडील जाहलो." गोंदजीने रिवाज सोडून महाराजांच्या पाठीवर हात ठेविला आणि उजाडेपर्यंत काढिला नाही.

ऐसी वर्षे गेली. कन्येचे लग्न जाहले. गोंदजी एक्याऐंशी वर्षांचा होऊन खिंडीपलीकडे आपल्या गावी राहू लागला. एके सकाळी खबर आली की, गोंदजीने अंथरूण धरिले, आजचा दिवस निघणे कठीण. महाराज छप्पन वर्षांचे होते. चाकर म्हणाले, पालखी सिद्ध करितो. महाराज म्हणाले, "पालखी दुपारी पोचेल," आणि तैसेच निघाले. तीन कोस वाट, मधे खिंड, ती धावत पार करून झोपडीत शिरले. गोंदजीने डोळे उघडून पुसिले, "कशानं आलात?" महाराज म्हणाले, "पायांनी." "दम?" "बोलतो आहे की तुझ्याशी." म्हातारा समाधान पावला. मग म्हणाला, "घाम पुसा, अंगावर सुकेल." महाराज त्याच्या पायांशी बसले आणि ते पाय मांडीवर घेऊन चेपू लागले. तो पाय ओढू लागला, "नको महाराज, पाप लागंल." महाराज म्हणाले, "लागू दे. या पायांचे आम्ही बहुत खाल्ले आहे." मग त्याने पाय सैल सोडिले. दुपारी प्राण गेला, पाय महाराजांच्या मांडीवरच होते. महाराज चालत माघारे आले. दुसरे दिवशी पहाटे एकटेच धावावयास निघाले.

या महाराजांच्या कारकिर्दीत गड घेतला नाही, मुलूख वाढला नाही. शके सतराशे चोवीस, दुंदुभी नाम संवत्सरे, ऐंशी वर्षांचे होऊन झोपेत गेले. तीर्थरूपांहून छत्तीस वर्षे अधिक लाभली. तेवढ्यात लेकीची बाळंतपणे पाहिली, नातीस अक्षरे गिरवावयास शिकविले, लेकीशी भांडून दोन महिने अबोला धरिला, मग तीच आधी बोलली आणि दोघेही रडले. ऐसी ती वर्षे गेली. ऐकिले तैसे लिहिले, चुकले ते लिहिणाऱ्याचे.