आवाजाची आणेवारी

घर बांधायला घेताना लोक आधी कुदळ मारतात. आमचे येसबा मिस्त्री हलगी घेऊन येत. वाजवायला नव्हे हो! मोकळ्या जागेत ती आडवी ठेवायची, ताणलेल्या कातड्यावर मूठभर जुंधळा टाकायचा आणि शेजारी मांडी ठोकून बसायचं. आसपासच्या धडधडीनं दाणे उडू लागले की हे मान डोलवणार.

"पिकाची आनेवारी व्हती, मग आवाजाची का न्हाय?" असा त्यांचा सवाल. तलाठी शेत बघून पीक किती आणे ते सांगतो, तसे येसबा जागा बघून गोंगाट किती आणे ते सांगत.

कळंबकडं साखरेचा कारखाना नवा उभा राहिला, त्या सुमाराची ही गोष्ट. मी बारामतीत मास्तर होतो. आमच्या भाड्याच्या खोलीला लागून लोहाराचं दुकान. घण पडला की आमची तीन महिन्यांची कुसुम दचकून उठायची आणि रडून रडून निळी पडायची. बायको पार जेरीस आली होती. शेवटी जागा घेतली, आणि तीही कुठं, तर इंजिनाच्या पिठाच्या गिरणीपुढं! अक्कल म्हणून असते ती शाळेत ठेवून मी घरी येत असणार.

"येसबा, घर कसंही बांधा, पण पोर झोपली पाहिजे."

तीन दिवस ते हलगीपुढं बसून होते. येणारेजाणारे विचारायचे, "मास्तर, तमाशा कवा सुरू व्हनार?" चौथ्या दिवशी निकाल लागला.

"मागं गिरनी, चौदा आनं. म्होरं रस्ता, सा आनं. उगवतीला हिरीवरची मोट, दोन आनं. ती ऱ्हाऊ द्या, तिच्या कुरकुरीवर पोर झोपंल."

मागची भिंत त्यांनी अडीच हात जाड घातली, तिला खिडकी नाही. आतून धान्याची खोली, बाहेरून कडब्याची गंज. "आवाजाला भिताडाशी भांडाय लावायचं. दमतुया त्यो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. माजघराच्या भिंतीही तशाच जाड, दारं दुहेरी फळ्यांची.

आणि एवढं सगळं करून माजघराच्या बाजूच्या भिंतीला, अंथरुणाच्या उशाशी, मुठीएवढं आरपार भोक!

"अहो, हे काय?"

"त्ये असतंया," म्हणाले आणि थापी धुवायला गेले.

राहायला गेलो त्या दुपारी कुसुम सलग तीन तास झोपली. मला तर येसबांच्या पाया पडावंसं वाटलं. पण दुसऱ्याच दिवशी भोकातून येसबांची आरोळी आली, "हाय का कुनी आत?" पोर किंचाळून उठली. आम्ही "आहोत, आहोत" म्हणेपर्यंत गडी हलेना. मग कळलं, त्यांनी बांधलेल्या प्रत्येक घराला असं भोक आहे आणि जाता-येता तिथं ही हाक आहे. पणदऱ्याच्या एक म्हाताऱ्या पाटलीणबाई तर आतून ओरडायच्या, "हाय रं बाबा, मेले न्हाय अजून!"

आठ दिवस सोसलं. नवव्या दिवशी मी भोकात गोणपाटाचा बोळा ठासून बसवला आणि मोठ्या ऐटीत शाळेत गेलो.

मधल्या सुट्टीत घरी येतो तर येसबा पहारीनं माझी भिंत फोडताहेत! अंगभर घाम, पागोटं मातीत पडलेलं.

"अहो येसबा, वेड लागलं का?"

"बाई ओ देत न्हाईत! कवाधरनं हाका मारतुया, दार बडवतुया, बोळाबी निघंना!"

मी दाराकडं धावलो. दार आतून बंद. दोघांनी मिळून ते हाणलं, तेव्हा कुठं कडी निघाली. डोळे चोळत बायको उभी. मायलेकी गाढ झोपल्या होत्या, काही म्हणजे काही ऐकू आलं नव्हतं.

येसबा मटकन पायरीवर बसले. पागोटं तसंच मातीत पडलेलं, त्याचंही भान नव्हतं. माझा राग कुठल्या कुठं गेला.

"कन्हेरीला माज्या घराशेजारी गुऱ्हाळ व्हतं," ते म्हणाले. "सखूचं, माज्या बायकूचं, डोकं लई दुखायचं. तिच्यासाठनं पयलं असलं घर बांधलं. चारी अंगानं अडीच हात, एक आना आवाज आत न्हाय. लई खूश झाली. म्हनली, आता निवांत पडते. पुढं आजारानं अंथरून धरलं तिनं. एक दिस मी अंगनात दगड घडत बसलो व्हतो. भिताडाच्या हिकडं मी, तिकडं ती. भाकरी खायला आत गेलो, तर हात दाराकडं पसरून जमिनीवर पडली व्हती. संपलं व्हतं. किती हाका मारल्या असतील, कुनाला ठावं."

"तुम्हांला ऐकू आलं नाही?" मी मूर्खासारखं विचारलं.

"भिताड चांगलं बांधलं व्हतं, मास्तर."

बायको उंबऱ्यात उभी राहून सगळं ऐकत होती. ती आत गेली. जरा वेळानं भिंतीतून गोणपाटाचा बोळा सुटून बाहेर पडला आणि मागोमाग तिचा आवाज आला, "येसबा, आहे हो मी इथं! चहा टाकतेय, जाऊ नका."

येसबा उठले. भिंतीला हात टेकत भोकाशी गेले, कान लावला.

"व्हय बाई," ते म्हणाले, "आलं ऐकू."